मिडलमधले वेगळे बेंच

पाचवीत जाऊन अकरा दिवस झाले होते, तेव्हा माझ्या नातीनं दप्तर धानाच्या ढोलीवर फेकलं आणि म्हणाली, "आबाजी, मी उद्यापासून मिडलले नाई जात."

पाचवी ते सातवीला मी अजून मिडलच म्हणतो, म्हणून तीही म्हणते.

"जाशील," मी म्हटलं.

"नाई जात."

"मंग मी नेतो, हाताले धरून. सगळ्या पोट्ट्याइसमोर."

तिनं दप्तर ढोलीवरून उचलून खुंटीला अडकवलं. हट्ट तिनं माझ्याकडूनच घेतला आहे, त्यामुळे तो कुठं मोडतो ते मला माहीत आहे. मी स्वतः तिसरीपर्यंत शिकलो. बापानं म्हशींमागं लावलं आणि मी गेलो, का म्हणून एका शब्दानं विचारलं नाही. आमच्या घरातून पुन्हा कोणी अर्ध्यातून शाळा सोडणार नाही, हे मी मुलाच्या वेळीच ठरवलं होतं. नातीसाठी ते बदलायचं काही कारण नव्हतं.

तिची एक जिवाची मैत्रीण आहे, समोरच्या घरातली. गावच्या शाळेत चार वर्षं दोघी एकाच बेंचवर बसल्या. नात उंच, ती बुटकी. गावची शाळा चौथीपर्यंतच, पुढं चार किलोमीटरवरच्या मोठ्या गावात जावं लागतं. दोघींत एक सायकल, नातीची. नात चालवायची आणि मैत्रीण दोन्ही दप्तरं घेऊन कॅरिअरवर बसायची. बसल्या बसल्या हुकूम सोडायची, "गड्डा आहे. म्हैस आहे. बाजूनं घे." मला ती पोट्टी जरा तोंडाळच वाटे.

नव्या शाळेत एका वर्गात पन्नासच्या वर पोरं. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना उंचीप्रमाणं बसवलं. मैत्रीण पहिल्या बेंचवर गेली आणि नात पार शेवटच्या. तेव्हापासून नातीची वही कोरी. फळ्यावरचं वाच म्हटलं की उभी राहायची आणि पायाकडं बघायची. पोरं 'ढ' म्हणून हसायची. हे सगळं मी तिच्या तोंडून मोठ्या मुश्किलीनं काढलं. शेवटी म्हणाली, "मले तिच्याजवळ बसू देत नाई त मी जातच नाई."

मला वाटलं, एवढंच ना. धानाची रोवणी सुरू होती, बाया बांधीच्या चिखलात उतरल्या होत्या, तरी मी धुतलेला सदरा घालून शाळेत गेलो.

"बसा, बाबा," मॅडम म्हणाल्या.

"बसाले नाई आलो. माझी नात अन् तिची मैत्रीण एका बेंचवर पाहिजे."

"उंच मुलगी पुढं बसली तर मागच्यांना दिसत नाही, बाबा."

"मंग बुटकीले मागं पाठवा."

"मग तिला काय दिसेल?"

मी जागचा हललो नाही. "मी उद्याही येतो, परवाही येतो. मले दुसरं काम नाई." हे खोटं होतं. धानाचं अर्धं वावर रोवायचं बाकी होतं.

मॅडम थकल्या. "बरं, उद्यापासून दोघींना शेवटी एकत्र बसवते. पण हिची वही कोरी का राहते, ते घरी विचारा."

"आमच्या घरची पोरगी ढ नाई."

"मी ढ म्हटलं नाही," त्या म्हणाल्या.

मी जिंकून बाहेर आलो. मधल्या सुटीत दोघी सायकलींजवळ उभ्या होत्या. त्यांना सांगितलं. नातीचा चेहरा उजळला. मैत्रीण मात्र चपलेनं माती उकरत राहिली.

"मी नाई बसत तिच्याजवळ," ती म्हणाली.

"काहून? भांडल्या का?"

"नाई. तिले बोर्डावरचं दिसत नाई, आबाजी. चार साल मीच तिच्या कानात सांगून रायली. आता पुन्हा जवळ बसली त पुन्हा सांगतो, अन् मंग कोणालेच नाई समजत."

"चूप बस," नात म्हणाली.

"नाई बसत चूप."

नातीनं सायकल तिथंच सोडली आणि पायी घराकडं चालू लागली. मला त्या पोट्टीचा राग आला. म्हटलं, "आमच्या खानदानात कोणाले चष्मा नाई. मी या वयात तलावाच्या पल्याडचा माणूस ओळखतो."

"तुमचं नाई म्हणत मी. तिचं म्हणतो."

सायकल मी ढकलत घरी आणली आणि संध्याकाळी नातीला तलावाच्या पाळीवर नेलं. समोरून एक बाई येत होती.

"कोण येऊन रायलं?"

"कोणतरी आहे."

"बाई का माणूस?"

तिनं डोळे बारीक केले, मान वाकडी केली. "बाई असंल."

रोवणीवरून परतणारी तिची आईच होती. पंधरा पावलांवर आली तेव्हा पोरीला ओळखू आलं.

"आजवर काहून नाई सांगितलं?"

"मले वाटे सगळ्याइले असंच दिसते," ती म्हणाली. "बाकीचे अंदाजानं लिवत असतील."

आता सायकलवरचे हुकूमही मला समजले. डोळे मागच्या पोट्टीचे होते आणि पाय पुढच्या पोट्टीचे.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं, बेंच आहेत तसेच राहू द्या, आणि सोमवारी मी तिला भंडाऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. नंबर चांगलाच मोठा निघाला. चष्मा आला त्या दिवशी ती पुन्हा अडून बसली. "हसतील सगळे."

"हसतील त हसू दे. तसेही हसूनच रायले होते. आठ दिवस लावून जा, मंग माझ्याशी बोल."

ती गेली. पण एकटी, सायकलवर. मैत्रिणीशी बोलणं बंद. मैत्रीण चार किलोमीटर पायी जाऊ लागली. तिसऱ्या दिवशी मी तिला रस्त्यात थांबवलं.

"तू बरोबर केलं," मी म्हटलं. एवढं मी माझ्या मुलालाही कधी म्हटलं नसेल.

"मले कायले सांगता? तिले सांगा ना."

"ते तुझं तू पाहून घे. पण पायी जावं लागते म्हणून शाळा सोडू नको."

"सोडाले काय झालं मले," ती म्हणाली आणि चालू लागली.

आठवा दिवस गेला, नववा गेला. नातीनं शाळा सोडायचं नाव काढलं नाही, रोज जात राहिली. दहाव्या दिवशी संध्याकाळी तिनं चौथीची जुनी वही शोधून काढली आणि तरातरा समोरच्या दारात गेली.

"तुयी चौथीची वही काढ."

मैत्रीण वही घेऊन आली. दोघी उंबऱ्यावर बसल्या. एकीचं पान भरलेलं, दुसरीचं अर्धं.

"बोर्डावर एवढं लिवून राहे? अन् मले एवढंच सांगे? चोट्टी."

"मंग? मले माझं लिवाचं नोवतं का? पास झाली ना."

"पूर्ण सांगितलं असतं त पयली आली असती."

"म्हणूनच नाई सांगितलं."

सून आतून म्हणाली, "भांडून रायल्या त्या, जाऊन पाहा जरा." मी बाजेवरून उठलो नाही.

"उद्या साडेनवाले माझ्या दारात ये," नात म्हणाली. "मी थांबणार नाई."

"मी कायले येऊ? सायकल तुझ्याजवळ आहे. तूच ये."

दोन दारांत दहा पावलांचं अंतर. कोणी कोणाच्या दारात जायचं, यावर अंधार पडेपर्यंत त्यांचा वाद चालला, आणि मी मध्ये पडलो नाही.