तळघरातला उतार

नागपुरात मी सिव्हिल इंजिनियर होते. चौथ्या मजल्याच्या स्लॅबवरून मी गवंड्यांवर ओरडले की सक्करदऱ्यातली कबुतरं सीताबर्डीला जाऊन बसायची. मग लग्न झालं, नवऱ्याच्या मागोमाग अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गला आले आणि नवऱ्याच्या व्हिसाला चिकटलेल्या माझ्या व्हिसाने बजावलं, बाई, इथे नोकरी करायची नाही. चार वर्षं मी पोळ्या इतक्या गोल केल्या की त्यांवर कंपास ठेवून तपासाव्यात.

२००५ साली आम्ही घर घेतलं. खाली तळघर, नुसतं काँक्रीट. कॉन्ट्रॅक्टर आला, टेप फिरवली, तीस हजार डॉलर म्हणाला. नवरा पायरीवर बसला.

"मी करते," मी म्हटलं.

"तू? अगं, इथे लाकडाचं काम असतं, विटांचं नाही."

"सरळ भिंत विटेची असो की लाकडाची, ओळंब्याला कळत नाही."

मग करार ठरला. नगरपालिकेचा इन्स्पेक्टर पास म्हणाला तर तळघर माझं. नापास म्हणाला तर मी केलेलं सगळं उखडून कॉन्ट्रॅक्टरच्या हवाली, आणि मी वर, पोळ्यांकडे.

ओळंबा मी नागपूरहून आणला होता. विमानतळावर त्या पितळी लोलकाकडे बघून तीन अधिकारी जमले. हे काय, म्हणाले. भिंतींचा खोटेपणा पकडायचं यंत्र, मी म्हटलं. माझ्याकडे बघून त्यांनी बॅग घाईघाईने बंद केली.

वीज आणि नळ तेवढे परवानावाल्यांकडून करून घेतले. बाकी सगळं मी. ड्रायवॉल, म्हणजे कागदात बांधलेले प्लास्टरचे तक्ते, गाडीच्या टपावर बांधून आणले. वाटेत वारा असा शिरला की गाडी दोन बोटं हवेत उचलली गेली. विमानतळ जवळच आहे, उतरायला परवानगी मागावी की काय असं वाटलं. छताचा तक्ता डोक्यावर तोलून धरायचा आणि दोन्ही हातांनी स्क्रू मारायचे. त्या सहा महिन्यांत माझी उंची दीड इंच कमी झाली, डॉक्टर मान्य करत नाहीत. सांध्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासायला लागले तेव्हा नवऱ्याच्या कपड्यांवरची पांढरी धूळ बघून ऑफिसातल्या लोकांना वाटलं, ह्याने पिठाची गिरणी काढली.

इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एक काकू संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझे हात बघून म्हणाल्या, "अगं बाई, नखं कुठे गेली?"

"भिंतीत आहेत, काकू."

"आणि मिस्टर काय करतात?"

"टॉर्च धरतात."

सगळ्यात जीव ओतला तो बाथरूममध्ये. जमिनीत पाणी जायला आधीपासून एक जाळी होती. मी सिमेंट घालून थापीने फरशीला चारी बाजूंनी जाळीकडे उतार दिला, फुटाला पाव इंच. बाथरूम म्हणजे बादली ओतून धुवायची जागा. इथले लोक तिथे गालिचा टाकतात, ते त्यांचं त्यांना लखलाभ.

इन्स्पेक्टर आला. उंच, मिशीवाला, न हसणारा. भिंती ठोकल्या, जिन्याचा कठडा हलवला, ठीक म्हणाला. मग बाथरूममध्ये वाकून फरशीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा सरळ एका टोकाला पळाला.

"फरशी वाकडी आहे."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर कॉन्ट्रॅक्टरचा फोन नंबर मला स्वच्छ वाचता आला.

"वाकडी नाही, उतार आहे," मी म्हटलं. इन्स्पेक्टर पाणसळ दुसऱ्या कोपऱ्यात ठेवायला निघाला. मी लांबीची रिकामी बादली उचलली, नळाखाली काठोकाठ भरली आणि त्याच्या बुटांसमोर ओतली.

नवऱ्याने पँट वर धरली. पाणी पसरलं, क्षणभर थबकलं, मग चारी कोपऱ्यांतून शिस्तीत निघून जाळीत गेलं. घोटभरही मागे राहिलं नाही.

इन्स्पेक्टर जाळीवर वाकला. "असं मी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात पाहिलंय. घरात कधी नाही. कुणी केलं?" आणि नवऱ्याकडे वळला.

"मी फक्त टॉर्च धरला," नवरा म्हणाला. त्या एका वाक्यासाठी मी त्याच्याशी अजून संसार करते आहे.

इन्स्पेक्टर माझ्याकडे वळला. "तुम्ही कामाला कुठे आहात?"

"कुठेच नाही. मला काम करायची परवानगी नाही."

त्याने एकदा छताकडे पाहिलं, एकदा भिंतींकडे, एकदा आपल्या ओल्या बुटांकडे. मग 'पास'च्या हिरव्या कागदावर सही केली, तो विजेच्या पेटीवर चिकटवला आणि जिना चढून गेला.

नवरा कॉन्ट्रॅक्टरला नको म्हणून फोन करायला वर पळाला. मी बादली पुन्हा भरली आणि ओतली. उगीच. पाणी जाताना बघायला.