कागद शेवटाकडून वाचताना

हैदराबाद, १० फेब्रुवारी १९४६. मेथी निवडत बसले आहे. बदनापूरच्या भाच्यांनी विचारलंय, आत्या, कॉलेजात पहिल्यांदा काय अवघड गेलं? हात मोकळे होतील तसं लिहिते.

कॉलेजला निघाले तेव्हा बदनापूर स्टेशनवर माझ्या वडिलांनी, आबांनी, ट्रंक डब्यात चढवली आणि एवढंच म्हणाले, "छापलेलं कळलं न्हाई तं दोष आपला समजायचा. पुन्हा वाचायचं." ठरलं होतं असं: दिवाळीपर्यंत कॉलेजात टिकले तर पुढं शिकायचं, नाहीतर जुन्या जालन्याचं स्थळ तयारच होतं.

वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी पहिल्याच महिन्यात इंग्रजी शोधनिबंध हाती दिला. ज्वारीवरच्या काणी रोगाचा. मला वाचायची एकच रीत ठाऊक होती, घरच्या पोथीची. अंघोळ करून बसायचं, पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायचं, काही गाळायचं नाही. तसंच केलं. मॅडमनी विचारलं, या माणसाला काय सापडलं? मी पहिलं पान घडाघडा म्हणून दाखवलं. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. आठवड्यानं पुन्हा विचारीन, म्हणाल्या, नाही जमलं तर हा विषय सोड. माझ्यासाठी विषय सोडणं म्हणजे घरची गाडी पकडणं.

वसतिगृहात वरच्या वर्गातली एक हैदराबादी मुलगी होती. आम्ही तिला आपा म्हणायचो. माझा मोठ्यानं चाललेला पाठ ऐकून ती वैतागून आली आणि कागद सरळ मागून उघडला.

"पहले आखिर देखो, बीबी. फिर तख्ते. फिर पूछो, इसको कैसे मालूम?"

नैवेद्य दाखवायच्या आधीच ताटावर बसल्यासारखं वाटलं. तरी शेवट वाचला. मोरचुदाच्या पाण्यात भिजवलेल्या बियाण्याला काणी कमी लागली, असा निष्कर्ष. मग तक्ते पाहिले. भिजवलेलं बियाणं एका शेतात, न भिजवलेलं दुसऱ्या, ओढ्याकाठच्या शेतात. मग फरक मोरचुदाचा की जमिनीचा? दोष आपला, असं म्हणून पुन्हा वाचलं. शंका जाईना. आठवड्यानं तीच मॅडमना सांगितली. त्यांनी ती लिहून आणायला सांगितली आणि विषय सोडायचं पुन्हा काढलं नाही.

दिवाळीला घरी आल्यावर आबांनी विचारलं, काय शिकलीस? मी सांगितलं, छापलेलंही चुकू शकतं, ते तपासायला शिकले. आईचं लाटणं पोळपाटावर थांबलं.

"मंग पोथी?" आबा म्हणाले.

"पोथी काणीचं औषध सांगत न्हाई, आबा. जो कागद सांगतो त्यालाच मी विचारते."

आबा जेवले आणि शेताकडं निघून गेले. दिवसभर आई माझ्याकडं बघत राह्यली.

आता माझं बिऱ्हाड इथं आहे, नोकरी इथं आहे. दिवसभर उर्दूत आणि इंग्रजीत माझं म्हणणं लोकांना पटवते, त्यात काही विशेष वाटत नाही. बदनापूरला गेलं की मात्र तेच साध्या शब्दांत सांगावं लागतं, आणि ते पटेलच असा भरवसा नसतो. घर म्हणतात ते मला अजून तेच वाटतं.

त्या दिवाळीत पुढं काय झालं, तेही सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न विचारता मी कॉलेजला परतायची ट्रंक भरली आणि बैलगाडीत नेऊन ठेवली. बैल आबांनीच जुंपले.