तिसा फुलण्याची वाट

व्हेंडेलच्या पायाला भिंगरी होती. तिसा नदीवर दोराने ओढायचा त्याचा तराफा, माणसं, गाड्या, गायी सगळं या काठावरून त्या काठावर नेणारा. काम नसलं तरी हा गडी कधी बूड टेकून बसल्याचं आमच्या गावात कुणी पाहिलं नाही. आणि त्या जूनमध्ये तर विचारूच नका!

नवा पूल बांधून होत आला होता. तो उघडला की तराफा बंद. आणि सरोल्ता उद्या सकाळी जाणार होती. शहरातल्या संग्रहालयातली ही बाई गेले अकरा उन्हाळे आमच्याकडे यायची. लांब शेपट्यांची ती पिवळी माशी, जिला आम्ही तिसाचं फूल म्हणतो, कुठल्या नदीत उरलीय आणि कुठून गेली, त्याचा नकाशा करायची. पूर्वी म्हणे युरोपातल्या कितीतरी नद्यांत ती होती. आता आमची तिसा आणि तिला मिळणाऱ्या थोड्याशा नद्या, बस्स. काठाच्या चिकणमातीत अळी तीन वर्षं बिळात राहते, मग जूनमधल्या एखाद्या दुपारी सगळ्याच माश्या होऊन वर येतात, जुळतात आणि संध्याकाळी संपतात; यालाच आम्ही नदी फुलणं म्हणतो. आमच्या वळणाची नोंद झाली की नकाशा पुरा, असं सरोल्ता म्हणायची. मग ती कशाला येतेय परत? आणि आमच्या व्हेंडेलने अकरा वर्षांत तिच्याजवळ मनातलं अवाक्षर काढलं नव्हतं!

"अरे, ती माशी तीन तासांत लग्न उरकते," माशांच्या कालवणात लाल मिरची ढवळत त्याची बहीण तेरका म्हणाली. "तू कसला मुहूर्त बघतोयस?"

"आज नदी फुलली की बोलतो."

"आणि नाही फुलली तर?"

"फुलेल गं!"

"म्हणजे नदीच्या गळ्यात घालून हा मोकळा!"

इस्त्रीचा पांढरा सदरा घालून तो काठावर आला. सरोल्ता तराफ्यावर जाळी घेऊन शांत बसली होती. याने दोर तपासला. सोडला, पुन्हा बांधला. वारा सुटला तशी आभाळाला शिवी हासडली. वाऱ्यात फूल येत नाही.

"व्हेंडेल, बसा ना जरा. मला गरगरायला लागलंय."

"बसलोच की," म्हणत तो उठला. "बाकीच्या कुळांतल्या माश्यांना शेपट्या किती असतात हो?"

"काहींना तीन, काहींना दोन. सकाळपासून चौथ्यांदा विचारताय."

दुपार कलली, वारा पडला, आणि पाणी खदखदायला लागलं. एक, दहा, मग मोजदादच नाही. नदी पिवळीजर्द! व्हेंडेलने दोर सोडून दिला. नदी फुललेली असताना आमच्याकडे कुणी तराफा ओढत नाही.

"ए, आण की इकडे!" पलीकडून गाडीवान ओरडला.

"आज नदी बंद!"

तिला म्हणायचं म्हणून पाठ केलेलं वाक्य मात्र साफ विसरला. काय करावं कळेना म्हणून तो पुन्हा दोराकडे वळला, तेवढ्यात एक माशी त्याच्या छातीवर येऊन चिकटली.

"हलू नका!" सरोल्ता धावत जवळ आली. "नर आहे. ही शेवटची कात टाकतोय."

ती सदऱ्यावर वाकली. तिचा श्वास त्याला लागत होता. हात शिवशिवत होते, आणि हलायची सोय नव्हती. मग तोंडच सुटलं.

"सरोल्ताबाई, पूल झाला की तराफा जाणार. जाऊ दे. तुम्ही जाऊ नका. माझ्याशी लग्न करा."

तिने मान वर केली नाही. "हलू नका म्हटलं ना."

संपलं, त्याला वाटलं. असं रडू आलं बिचाऱ्याला! माशीची पाठ उकलली, नर सुटून उडाला, सदऱ्यावर पांढरी कात तेवढी राहिली.

"बरं," सरोल्ता म्हणाली.

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे करते लग्न. नकाशा दोन वर्षांपूर्वीच पुरा झालाय. उगाच येतेय मी."

व्हेंडेल तसाच उभा. डोळ्यांतून पाणी, पण पाय जागचा हलेना.

"अरे, माशी उडाली," ती म्हणाली. "हल की आता!"