तिसरा मकसद

"तिसरा मकसद सांग," मी म्हणालो. किशन उभा राहिला आणि पहिल्यापासून सुरू झाला.

"अरे, पहिला कोण विचारतंय? तिसरा!"

"पहिल्यापासूनच येतंय, मास्तर. मधूनच न्हाई येत."

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, सेलूची. शिकवणं उर्दूतून. मकसद म्हणजे उद्दिष्ट, वर्षअखेर मुलाला काय यायला पाहिजे ते. वर्गाच्या भिंतीवर ते उर्दूत रंगवलेले होते. पोरं रोज सकाळी डोलत डोलत एका सुरात म्हणायची. अर्थ विचारला की सगळी छताकडे बघायची.

नववीचा वर्ग नवा होता, मंजुरी तात्पुरती. तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, मोठे तपासनीस येणार होते; त्यांना मोहतमीम म्हणत. त्यांनी शिफारस केली तरच वर्ग टिकणार. किशन बोरी गावचा, सेलूत मावशीकडे राहायचा. त्याच्या बापानं मला स्पष्ट सांगितलं होतं, "परभणीला ठिवायची आपली ऐपत न्हाई, मास्तर. हितं नववी राहिली तर शिकंल, न्हाई तर औत धरंल." पोरगं हुशार होतं. माझा जीव तुटायचा.

हेडमास्तर म्हणाले, "पाठ करून घ्या. खात्याला तेवढंच लागतं."

"डोंबलाचं पाठांतर! पाठ आहेच साहेब, तेच तर दुखणं आहे. मला मराठीतून समजावू द्या."

"वर कळलं तर तुमची बदली होईल. मी वाचवू शकणार नाही."

"होऊ दे."

तिसरा मकसद होता जमिनीचं क्षेत्रफळ काढणं. मी पोरांना शाळेमागच्या तिकोनी तुकड्यावर नेलं आणि हातात दोरी दिली. "भिंतीवरची तिसरी ओळ ती हीच. मोजा." शिवाय रोज एक मकसद घरी आपल्या भाषेत सांगायचा आणि घरचे काय विचारतात ते सकाळी वर्गात आणायचं. पहिल्यांदा पोरं लाजली. मग किशन आला, "मावशी इचारायलीय, तिकोनी रानाची दोन भावांत सारखी वाटणी कशी करायची?" तो अख्खा तास त्यातच गेला.

मोहतमीमसाहेब आले. त्यांनी नेमकं किशनला उठवलं आणि नेमका तिसराच मकसद विचारला. त्यानं तो सांगितला, पहिल्यापासून सुरू न करता. साहेबांनी पुढं विचारलं, "ये क्यूँ सीखना?"

किशनची उर्दू तिथं अडली. त्यानं माझ्याकडं पाहिलं. तपासणीत मला मध्ये बोलता येत नव्हतं. मग त्यानं खडू उचलला, फळ्यावर त्रिकोण काढला, पायाचा मध्य धरून वरच्या टोकापर्यंत रेघ ओढली. आणि सरळ मराठीत म्हणाला, "साहेब, भावाभावांत भांडण व्हऊ न्हाई म्हणून."

हेडमास्तरांचा चेहरा उतरला. साहेबांनी उठून फळ्यावरच्या रेघेवर बोट ठेवलं. "मराठी में किसने समझाया?"

"मीच, जनाब," मी म्हणालो.

पंधरवड्यानं एकाच लखोट्यातून दोन हुकूम आले. नववी कायम झाली होती आणि माझी पाथरीला बदली.

"मी सांगितलं होतं," हेडमास्तर म्हणाले.

"नववी राहिली ना, साहेब?"

खात्याला मकसद भिंतीवर दिसला की पुरतो. पोराच्या हातातून तो एकदा तरी जावा लागतो. पाथरीलाही भिंत तशीच होती आणि पोरं तशीच डोलत होती. पहिल्याच दिवशी मी पिशवीतून दोरी काढली.