मीनलच्या गोळ्या

माझ्या बायकोला, मीनलला, हे ठाऊक नाही. आमच्या लेकीला, रेवाला नाही, माझ्या भावालाही नाही. तुम्हालाच का सांगतोय? माहीत नाही. पण सुरुवात केलीये, तर आता थांबत नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर. आम्ही शारजात अल नहदाला राहायचो, आणि मी हमरियाच्या एका कारखान्यात टूलरूम सांभाळायचो. शुक्रवारी सुट्टी, म्हणून आम्ही नेमबाजीच्या क्लबात जायचो. बंदुका, बंदुकीची दारू, काडतुसं सगळं क्लबच्या कुलपात. पण जुन्या रायफलींच्या स्पर्धेसाठी शिशाच्या गोळ्या तिथल्याच वर्कशॉपमध्ये ओतायची परवानगी होती, आणि त्या कामात माझा हात धरणारा कोणी नव्हता. टायरवाल्याकडून चाकांना लावायची शिशाची वजनं आणायची, वितळवायची, साच्यात ओतायची. मग गोळीच्या बुडाला हातप्रेसमध्ये दाबून गॅस चेक बसवायचा. म्हणजे तांब्याची इवलीशी वाटी – मागच्या तापलेल्या वायूने शिसं वितळू नये म्हणून. ती सरळच बसावी लागते. जराशी तिरकी बसली, की गोळी भरकटलीच.

हे सगळं मी मीनलला शिकवलं. घरी बसून कंटाळते म्हणून मीच तिला घेऊन गेलो होतो. आणि वर्षभरात ती माझ्यापेक्षा चांगली मारायला लागली.

मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? लोकांसमोर होतही होता. पण क्लबचा चॅम्पियन मी होतो हो! एकदा गेटवर कुणीतरी विचारलं, "मॅडमचे हजबंड ना तुम्ही?" मी हसून हो म्हटलं. ते हसणं मला अजून आठवतं.

त्या वर्षी अंतिम फेरीत आम्ही दोघंच उरलो. गोळ्या दोघांच्याही मीच करणार होतो – नेहमीसारख्या. भर दुपारी वर्कशॉपमध्ये मी एकटाच होतो. माझ्या गोळ्या नीट केल्या. तिच्या गोळ्या प्रेसमध्ये घालताना...

हात घसरला असं म्हणू? नाही घसरला. मी चेक तिरके बसवले. मुद्दाम. सगळे नाही – सगळे केले असते तर पकडला गेलो असतो. एवढा विचार केला होता मी.

स्पर्धेच्या सकाळी क्लबचे उस्ताद गोळ्या काडतुसांत भरायला बसले. वयस्क अमिराती माणूस, सगळे त्यांना उस्तादच म्हणायचे. तेवढ्यात मीनल म्हणाली, "एक मिनिट, उस्ताद. मैं एक बार देखती हूँ." टेबलावरच्या काचेवर ती एकेक गोळी घरंगळवायला लागली. जी डुगडुगली, ती बाजूला. बाजूचा ढीग वाढत गेला.

तिने वर पाहिलं. "अवि, तुझा प्रेस झिजलाय रे."

"हो," मी म्हणालो. "झिजलाय."

नव्या गोळ्या ओतायला वेळ नव्हता. माझ्यातल्या थोड्या तिला देता आल्या असत्या. मी दिल्या का? नाही. तिने मागितल्याही नाहीत. तिच्याकडच्या चांगल्या गोळ्या जेमतेम स्पर्धेपुरत्या निघाल्या, सरावाला एकही नाही. उस्तादांनी मान हलवली. "मॅडम, बिना प्रॅक्टिस? पहला ही शॉट गिनती में जाएगा."

"जाने दो," ती म्हणाली. "यल्ला, चलो."

मी आधी मारली. छान मारली – खोटं कशाला बोलू? त्या रेंजवरची माझी सर्वांत चांगली फेरी होती ती. मग ती रायफल घेऊन आडवी झाली. वारा सुटला होता, वाळू उडत होती. ती वाट बघत राहिली. वारा पडला, आणि पहिलीच गोळी मधोमध. दुसरी तिला चिकटून. रेवा दुर्बिणीतून बघत किंचाळली, "आई, सेम होल! सेम होल!" सगळा क्लब उठून उभा राहिला. मी श्वास रोखून बघत होतो, आणि सांगू का, शेवटच्या गोळीला मला ती चुकायला नकोच होती. तो हेवा, तो कट – त्या क्षणी कुठे गेले कोण जाणे. शेवटचीही मधोमध लागली.

"खलास!" उस्ताद ओरडले. "मॅडम चॅम्पियन!"

मीनलने रायफल ठेवली आणि दोन्ही हात वर केले. तशी ती मला पुन्हा कधी दिसली नाही – घामाने डबडबलेली, कपाळाला वाळू, आणि चेहरा असा उजळलेला की बघणाऱ्याला हसू यावं. मी सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या. खऱ्या वाजवल्या.

संध्याकाळी तिच्या हातात करंडक आला. कुणीतरी माइक दिला. ती लाजली, मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "गोलियाँ मेरे हजबंड ने बनायी हैं. ट्रॉफी आधी मेरी, आधी उनकी है."

सगळे माझ्याकडे वळले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी उभा राहिलो. हात जोडले. आणि त्या टाळ्या घेतल्या.