तेवीस नंबर आणि तिसरा भाग

अनुजा घाडी माझ्या लक्षात राहिली ती आठवीच्या निबंधामुळे. विषय होता ‘शंभर वर्षांनंतरची मुंबई’. वर्गातल्या बाकीच्यांनी उडत्या मोटारी लिहिल्या. हिच्या मुंबईत खिडकी उघडायला सरकारी परवानगी लागत होती आणि माणसांना नावांऐवजी नुसते नंबर होते. मी विचारलं, “अगं, हे सुचलं कुठून?” ती म्हणाली, “बाई, आमच्या चाळीत नंबरच चालतात.”

ते खरंच होतं. परळच्या त्यांच्या चाळीत ‘नऊ नंबरचे नाना’, ‘तेवीस नंबरवाली’ असंच बोलतात.

अनुजा पुढे प्रभादेवीच्या एका दातांच्या दवाखान्यात कामाला लागली, आणि त्या निबंधातल्या शहरावर तिने मुलांसाठी तीन भागांची कादंबरी लिहायला घेतली. पात्रांना चाळीतल्याच खोल्यांचे नंबर दिले. नायिका सतरा, म्हणजे तिची स्वतःची खोली. लिहिलेलं ती दर रविवारी दुपारी गॅलरीत वाचून दाखवी. दोन भाग छापून आले, मुलांनी डोक्यावर घेतले. चाळीला तर फार कौतुक. “मी पहिल्याच भागात मेलो,” असं नऊ नंबरचे नाना येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

तिसऱ्या भागाचा शेवट ऐकायला तिने मलाही बोलावलं होतं. प्रकाशकाला हस्तलिखित द्यायला पंधरा दिवस उरले होते. कादंबरीतल्या बंडाच्या रात्री शत्रूला आतून दार उघडून देणारा कोण, हे त्या दिवशी कळणार होतं. अनुजाने वाचलं, “दार उघडणारा तेवीस होता.”

तेवीस नंबरच्या शांताकाकू उठल्या. त्यांचा मुलगा हितेंद्र म्हणाला, “वा, अनुजा! गद्दार करायला आमचंच घर भेटलं तुला?” आणि भर दुपारी तेवीस नंबरचं दार बंद झालं. चाळीत असं होत नाही.

नानांनी मग आम्हाला हळूच सांगितलं. गिरण्यांच्या मोठ्या संपात शांताकाकूंचे यजमान कुशाबा सगळ्यांच्या आधी कामावर परतले होते. चाळ त्यांना फितूर म्हणायची. ते गेले त्याला वीस वर्षं झाली. संपानंतर बारा वर्षांनी जन्मलेल्या अनुजाला यातलं काही ठाऊक नव्हतं. याच शांताकाकूंनी तिला लहानपणी सांभाळलं होतं.

“नंबर बदलून टाक,” मी म्हटलं. “बत्तीस कर.”

“नाही बाई. पहिल्या भागापासून खुणा तेवीसच्याच आहेत. मुलं मला सोडणार नाहीत. आणि काकूंना वाटेल, मी लपवालपवी केली. मी जाते त्यांच्याकडे.”

सल्ला माझा चुकला होता, हे मला तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी गेलो. हितेंद्रने दार उघडलं, पण वाटेतून हलला नाही. आतून काकूंचा आवाज आला, “येवंदे तिका.”

“काकू, मला खरंच माहीत नव्हतं.”

“तुझो जल्म तरी झाल्लो काय तेव्हा!” काकू म्हणाल्या. “तो फितूर झालो, ता लिवलंस. कित्याक झालो, ता कोण लिवतलो? ह्यो हितू तीन वर्सांचो, तापान फणफणलेलो. घरात दानो नाय. संपाच्या नवव्या म्हयन्यात ते कामावर गेले. मगे दोन वर्सां आमच्या दारात कोण इलो नाय.”

“मी लिहिते,” अनुजा म्हणाली. “नंबर मात्र तोच राहील, काकू.”

“ऱ्हवांदे. बदललंस तर लोकांक वाटात, मीच बदलूक सांगलंय.”

“आई, हिला चहा द्यायचा की नाही ते तरी ठरव,” हितेंद्र म्हणाला आणि वाटेतून बाजूला झाला.

अनुजाने दवाखान्यातून आठ दिवसांची रजा काढून एक नवं प्रकरण लिहिलं. त्यात तेवीसचं आजारी मूल होतं, औषध शहराच्या भिंतीपलीकडे शत्रूकडे होतं, आणि बंडवाल्यांपैकी कोणीही त्याच्या घरी चौकशीला गेलं नव्हतं. सतराही गेली नव्हती. हे वाक्य अनुजाने कच्च्या कागदांत तीनदा खोडून पुन्हा लिहिलेलं मी पाहिलं. नायिकेलाही तिने सोडलं नाही.

रजा संपल्यावरच्या रविवारी तिने ते गॅलरीत वाचलं. तिचा आवाज कुठेही अडखळला नाही. वाचून झाल्यावर नाना कठडा धरून उभे राहिले.

“शांते, तेव्हा मीसुद्धा तुझ्या दारात आलो नव्हतो.”

“मगे आता येवा,” काकू म्हणाल्या. “पायात काय बेडी हा?”

पुस्तक जानेवारीत आलं. मुलं पत्रांतून तेवीसबद्दलच जास्त विचारतात. मागच्या महिन्यात शांताकाकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि कामावर जाण्याआधी त्यांच्या डोळ्यात थेंब घालायला अनुजा सध्या रोज सकाळी आठ वाजता तेवीस नंबरमध्ये जाते.