रहीम उस्तादांची जीभ

"आठ दिवस, जास्त नाय," धाकटा दीर सरफराज पुन्हा तेच म्हणाला. "आठ दिवस भाईजान आमच्यासारखं जेवतील. लोणचं, पापड, सगळं. जीभ जाग्यावर आली की खुशाल तुमचा आळणी दवाखाना परत चालू करा, भाभी."

"आणि त्या आठ दिवसांत डोक्यातली नस फुटली म्हणजे? तू येशील चमच्यानं भरवायला? मोईनभाईंना कुणी भरवलं, तू का मी?"

थोरल्या भावाचं नाव निघालं तशी सरफराजनं नजर वळवली, पण तो उठला नाही.

वहिदा गंगापूरची. घरात एरवी दखनी चालायची, पण भांडण पेटलं की ती माहेरच्या मराठीवर यायची आणि मग बाकीच्यांनाही तिच्यामागं यावं लागायचं. बायजीपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत आज सकाळपासून मराठीच चालू होती.

ज्याच्यावरून हे चाललं होतं तो तिचा नवरा रहीम पलंगावर भिंतीला टेकून बसला होता. शहरात त्याला सगळे रहीम उस्ताद म्हणत. लग्नातला नान-कलिया करावा तर त्यानंच. तांब्याच्या मोठाल्या देगा, खाली लाकडांचा जाळ, वर मटणाची लालभडक तरी. मीठ तो मुठीनं टाकायचा. सगळं शिजून आलं की पळीतला एक थेंब डाव्या हाताच्या पाठीवर घ्यायचा, चाटायचा, डोळे मिटायचा आणि मान हलवायचा. ती मान हलल्याशिवाय देगेवर झाकण पडत नसे. मीठ चाखायचा हक्क एकट्या उस्तादाचा. वडिलांनी तो मोईनला दिला होता. मोईनकडून तो रहीमकडं आला.

मोईन देगेपाशीच पडला होता. रक्तदाब होता, गोळी मनाला येईल तेव्हा खायचा. एक बाजू गेली, बोलणं गेलं. शेवटपर्यंत वहिदानंच त्याला पातळ खिचडी भरवली, हनुवटीवरून ओघळलेली पुसली. म्हणून रहीमचं डोकं जड व्हायला लागलं आणि डॉक्टरांनी रक्तदाबाचा पट्टा सोडून पुन्हा बांधला, तेव्हा तिनं नवऱ्याला काही विचारलंच नाही. गोळी सुरू झाली. लोणच्याची बरणी नणंदेकडं गेली. डाळीत मिठाच्या जागी चिंच, लिंबू, भाजलेलं जिरं आलं. नाश्त्याला रात्रीच्या कलियाऐवजी ज्वारीची भाकरी, शेपू आणि दही. तंबाखूची डबी कुठं गेली ते रहीमला आजवर कळलं नव्हतं. पहाटे फजरची नमाज झाली की आमखास मैदानाला फेऱ्या. "आणि वाटेत कुणाच्या हाटेलात बसलात तर मला समजतं," असं ती रोज बजावायची. त्याच्यासमोर बसून खारट खाणं तिला जमेना, म्हणून तीही तेच जेवू लागली.

सुरुवातीला रहीमनं ताट लोटलं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलला. मग सवय झाली. पोट हलकं झालं, जिना चढताना धाप लागेना, आणि आकडा खरोखर उतरला. डॉक्टर म्हणाले, "असंच टिकलं तर गोळी कमी करायचं बघू. पण ते मी ठरवीन, तुम्ही नाही." वहिदानं त्या दिवशी गल्लीत सगळ्यांना सांगितलं.

मग चितेगावचं लग्न आलं.

रहीमनं थेंब चाटला, मान हलवली, झाकण पडलं. पहिली पंगत बसली आणि जेवायला अंथरलेल्या दस्तरखानाच्या एका टोकाहून कुणीतरी मीठ मागितलं. मग दुसऱ्या टोकाहून. शेवटी नवरीचा मामा ताटलीत मीठ घेऊन फिरू लागला. सरफराजनं घाईघाईत उरलेल्या देगांत मीठ ओतलं, पण त्याच्या गालात दिवसभर गुटखा. त्याला काय चव लागणार? दुसरी पंगत घोटाघोटाला पाणी मागत होती. रहीमला कुणी शब्दानं बोललं नाही. निघताना मुलीचे वडील एवढंच म्हणाले, "उस्ताद, तब्येत बरी आहे ना?"

येत्या रविवारी शहरातच मोठं लग्न होतं. तिथं पुन्हा मिठाची ताटली फिरली, तर उस्ताद हा शब्द त्याच्या नावामागून जाणार होता. हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"चितेगावचं मीठच खराब होतं," रहीम सकाळपासून पहिल्यांदा बोलला. "ओलं होतं. मुठीत बसत नव्हतं."

"मग आत्ता करून दाखवा," सरफराज म्हणाला. "घरचं मीठ घ्या. कोरडं आहे."

रहीम उठला.

स्वयंपाकघरात वहिदानं मुकाट्यानं जागा करून दिली. मटण फ्रीजमध्ये होतंच. तो कांदा परतू लागला. मुलगी मुबश्शिरा दारात उभी राहून बघत होती. ती शेंद्र्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती, आज तिची सुट्टी होती.

"अब्बा, मीठ मोजून टाका ना. आमच्याकडं सगळं काट्यावर असतं."

"मटण रोज सारखं नसतं, बेटा. पाणी कधी जास्त आटतं, कधी कमी. लाकूड ओलं निघालं तर सगळाच हिशेब बदलतो. काटा काय सांगणार?"

"जीभ तरी कुठं सांगतीय," बाहेरून सरफराज पुटपुटला. पुटपुटणं सगळ्यांना ऐकू गेलं.

कलिया झाला. रहीमनं थेंब हातावर घेतला, चाटला, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटले. मान हलवली.

चौघं जमिनीवर बसले. वहिदानं पहिला घास घेतला. "एकदम बरोबर आहे," ती म्हणाली. "कोण म्हणतं जीभ गेली?"

सरफराजनं एक घास खाल्ला आणि नान ताटात ठेवला. "भाभी, तुम्हाला विचारून काय उपयोग? तुम्ही त्यांच्याच भांड्यातलं खाता. तुम्हालाही आता चिमूटभर पुरतं."

रहीमनं वहिदाकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली आणि उगाच रश्श्यात नान बुडवत राहिली.

"मुबश्शिरा," रहीम म्हणाला.

पोरगी खालमानेनं जेवत होती. दुपारी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आणि संध्याकाळी अम्मीच्या डाळीत वरून मीठ टाकून जेवणारी या घरात ती एकटीच होती. त्यावरून रोज बोलणीही खात होती.

"सांग."

तिनं आईकडं पाहिलं. आईचे डोळे काय म्हणताहेत ते तिला कळलं होतं.

"फिका आहे, अब्बा."

"किती?"

"लई नाय."

"किती म्हणलं मी."

"मी पाव्हणी असते तर मीठ मागितलं असतं."

सरफराजनं खिशातून कैरीच्या लोणच्याची पुडी काढली. घरून निघतानाच त्यानं ती घेतली होती. दातानं फाडून रहीमच्या ताटात रिकामी केली.

वहिदानं ताट ओढलं. सरफराजनं दुसरी कड धरली. रस्सा हिंदकळून दस्तरखानावर सांडला.

"सोड."

"भाभी, रविवार तोंडावर आलाय."

"सोड म्हणते ना."

"वहिदा," रहीम म्हणाला. "ताट ठेव."

तिनं ठेवलं. हात पदराला पुसले. "खा," ती म्हणाली, आवाज न चढवता. "तुमची जीभ आहे, तुमचं नाव आहे. पण तो चमचा माझ्या हातात पुन्हा द्यायचा नाय. तुमच्या भावासाठी केलं मी ते. तुमच्यासाठी माझ्यानं व्हायचं नाय. आत्ताच सांगून ठेवते."

रहीमनं बोटावर लोणच्याचा खार घेतला आणि जिभेला लावला. आधी नुसती आग झाली. मग त्या आगीखालून जुनी चव वर आली आणि तोंडाला पाणी सुटलं. सरफराज खोटं बोलत नव्हता. आठवडाभर असं जेवलं तर चव परत येईल, रविवारपर्यंत निम्मी तरी येईल, हे त्याला त्या एका बोटात कळलं. त्यानं दुसऱ्यांदा बोट पुढं केलं.

मोईन खाटेवर असताना रहीम एकदा त्याच्यासाठी लग्नातला रस्सा घेऊन आला होता. हातावर थेंब घेऊन त्याच्या ओठाला लावला आणि विचारलं, मीठ बरोबर आहे का भाईजान? मोईनची जीभ ओठावर फिरली. तो रहीमकडं बघत राहिला. काय विचारलं तेच त्याला कळलं नव्हतं.

रहीमनं बोट मागं घेतलं.

"मग चाखणार कोण?" सरफराज म्हणाला. "मी चाखतो."

"चितेगावची दुसरी पंगत विसरलास?"

"गुटखा सोडतो."

"गेल्या रमजानलाही सोडला होता."

"मग दुसरा बावर्ची आणा. बाहेरचा माणूस आपल्या देगेपाशी उभा करा आणि आपण वाढप्यांत जाऊ."

"मी चाखू?" मुबश्शिरा म्हणाली.

सरफराज हसला. "तू? मंडपामागं सगळे बाप्ये. जाळ, धूर, शिव्या. आपल्या घराण्यात बाई कधी देगेजवळ गेली नाय. लोक म्हणतील, उस्ताद संपला, आता पोरीच्या जिभेवर चाललाय."

"म्हणू देत की," वहिदा म्हणाली, पण तिचाही आवाज पडला होता. पोरीचं लग्न व्हायचं होतं. लोक काय काय म्हणतील ते तिला सरफराजपेक्षा जास्त माहीत होतं.

रहीमनं लोणचं चमच्यानं गोळा करून सरफराजच्या ताटात टाकलं. स्वतःचा कलिया पुढं ओढला, त्यात लिंबू पिळलं. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते.

"रविवारी मुबश्शिरा माझ्याबरोबर येणार," तो म्हणाला. "थेंब ती चाखणार. ती म्हणेल तेवढंच मीठ पडणार. मी घरी आळणीच जेवणार. ज्याला पटत नसंल त्यानं रविवारी येऊ नये."

आणि त्यानं वहिदाकडं आणखी एक नान मागितला.